जुन्या रेसर सायकलला नवे पार्ट बसतात का? पैसे घालवण्याआधी हे चार आकडे मोजा

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींमध्ये जिन्याखाली एखादी तरी वाकड्या हँडलची सायकल उभी असते. बाबांनी नाहीतर काकांनी कॉलेजात असताना हौसेने घेतलेली. चेन गंजलेली, टायर चपटे झालेले, आणि गणपतीत मखराचं सामान टेकवायला सोयीची.

मग कधीतरी पहाटे मरीन ड्राइव्हवर सायकलवाल्यांचा घोळका दिसतो, किंवा मोबाईलवर जुन्या सायकलीचा कायापालट करणारं रील येतं. डोक्यात किडा वळवळतो, आपलीही अशी करूया. ऑनलाइन ११ स्पीडचा गियर सेट मागवला जातो. पार्सल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं की सायकलवाला एकदा पार्टकडे बघतो, एकदा सायकलकडे बघतो आणि म्हणतो, "हे नाही बसणार."

बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. पार्ट चांगला असतो, सायकलही चांगली असते, पण दोघांची मापं जुळत नाहीत. म्हणून जुनी सायकल नवी करताना कुठला पार्ट भारी हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की आपली फ्रेम काय स्वीकारते. त्यासाठी एक मोजपट्टी, एक व्हर्नियर आणि अर्धा तास पुरतो.

पण नवे पार्ट बसत का नाहीत?

भारतातल्या जुन्या सायकलींची मापं मुळात ब्रिटिश, म्हणजे इंचातली. त्या बनवणारे कारखानेही आपल्याच आसपास होते. हिंद सायकल्सचा कारखाना तर आपल्या वरळीत होता. सेन-रॅलेचा बंगालमध्ये आसनसोलला, आणि हर्क्युलस, बीएसए बनवणाऱ्या टीआय कंपनीचा मद्रासजवळ अंबत्तूरला. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. ॲटलसने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला. योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता.

म्हणजे जुन्या सायकलीवर ज्या कंपनीचं नाव आहे, तिच्याच नावाचा मूळ पार्ट मिळेल याची खात्री उरलेली नाही. नाव सांगून पार्ट मागायचे दिवस गेले, आता माप सांगून मागावा लागतो.

दुसरीकडे जपानची शिमानो कंपनी गियरचं तंत्र बदलत गेली. १९७८ मध्ये तिने मागच्या हबमध्येच फ्रीव्हीलची यंत्रणा बसवली. १९८४ मध्ये ‘टक’ आवाज करत नेमका एक गियर बदलणारा लिव्हर आणला. १९९० मध्ये ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये आले. या सगळ्या काळात मागच्या दातेरी चकत्या ६ वरून ८, ९, १०, ११, १२ अशा वाढत गेल्या. या प्रवासात चेन बारीक होत गेली, चकत्यांमधलं अंतर कमी होत गेलं आणि हबची रुंदीही बदलली.

थोडक्यात, गोल पिनच्या जुन्या सॉकेटमध्ये चपट्या पिनेचा प्लग घालायचा प्रयत्न करावा, तसं हे आहे.

सगळ्यात आधी फ्रेम तपासा

फ्रेमला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील. जुन्या बहुतेक फ्रेम स्टीलच्याच असतात आणि ही चांगली बातमी आहे. स्टीलची फ्रेम थोडी वाकवता येते, जोडता येते, दुरुस्त करता येते. ॲल्युमिनियम आणि कार्बनचं तसं नाही.

पण मुंबईत स्टीलला एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. गिरगाव चौपाटीपासून चालत अंतरावर वर्षानुवर्षं उभी असलेली सायकल वरून चकचकीत दिसली तरी आतून गंजलेली असू शकते. म्हणून तीन जागा बघा.

एक, पायडलच्या ॲक्सलखालचा भाग. पावसाचं पाणी फ्रेममधून वाहत येऊन इथे साचतं.

दोन, सीटचा दांडा. तो वर-खाली होतो का बघा. गंजून अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून दोन-चार दिवस थांबा. हातोडा मारत बसू नका.

तीन, हँडलच्या मागे जिथे फ्रेमच्या नळ्या जुळतात ती जागा. तिथे खालच्या बाजूला फुगवटा, सुरकुती किंवा रंगाला भेग दिसली, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. अशा फ्रेमवर पैसे घालू नका. ती भिंतीवर लावा, आठवण म्हणून छान दिसेल.

फ्रेम धड असेल तर मोजायला घ्या.

पहिला आकडा : चाक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण चाकाच्या मापांची नावंच फसवी आहेत.

टायरच्या कडेला बारीक अक्षरात ‘३२-६३०’ किंवा ‘२८-६२२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा तीन आकडी नंबर म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. फक्त त्यावर विश्वास ठेवा.

- ६२२ : आजच्या रोड सायकलचं चाक, ज्याला ‘७०० सी’ म्हणतात.
- ६३० : जुन्या रेसर सायकलचं २७ इंची चाक (२७ × १¼).
- ६३५ : दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचं २८ इंची चाक (२८ × १½).
- ५९० : २६ × १⅜ चं चाक.

आता गंमत बघा. ‘७०० × २८’ मधला २८ म्हणजे टायरची रुंदी २८ मिलिमीटर. ‘२८ × १½’ मधला २८ म्हणजे चाकाचा व्यास २८ इंच. दुकानात नुसतं ‘२८ चा टायर द्या’ म्हटलं तर काहीही हातात पडू शकतं. शिवाय ७०० सी चं चाक जुन्या २७ इंची चाकापेक्षा लहान असतं, तेही बरोबर ८ मिलिमीटरने.

२७ इंची सायकलवाल्यांसाठी हेच फायद्याचं आहे. लहान चाक त्या फ्रेममध्ये आरामात मावतं, वर मोठ्या टायरसाठी थोडी जागाही उरते. आणि २७ इंची टायरपेक्षा ७०० सी टायरमध्ये निवड कितीतरी जास्त आहे.

ट्यूब घेताना व्हॉल्व्हही बघा. जुन्या देशी रिमला बारीक रबरी वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह असतो. नव्या रोड सायकलला लांब, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, तर मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हला रिमला मोठं भोक लागतं. प्रेस्टाचं भोक साडेसहा मिलिमीटरचं, जाड व्हॉल्व्हचं साडेआठ. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह छोटी रिंग घालून चालवता येतो. उलटं करता येत नाही.

पावसाळ्यातला खरा धोका : लोखंडी रिम

जुन्या सायकलच्या चकचकीत रिम क्रोम चढवलेल्या स्टीलच्या असतात. कोरड्या रस्त्यावर त्या ब्रेक लावतात. पण पावसात त्यांच्यावर ब्रेकचं रबर सरळ घसरतं. ब्रेक दाबला, सायकल थांबलीच नाही, हा अनुभव जुन्या माणसांना विचारा. जुलै महिन्यात परळच्या पुलावरून उतरताना हे महागात पडू शकतं.

ॲल्युमिनियमची रिम ओली असली तरी ब्रेक बरीच चांगली पकडते. म्हणून मुंबईत जुन्या सायकलवर एकच मोठा खर्च करायचा असेल, तर तो ॲल्युमिनियम रिमच्या चाकांवर करा. गियर थांबू शकतात, ब्रेक नाही.

दुसरा आकडा : ब्रेकची पोहोच

चाक ८ मिलिमीटरने लहान झालं म्हणजे रिमची कड ४ मिलिमीटरने खाली सरकली. ब्रेकचं रबर आता तिथपर्यंत पोहोचायला हवं.

फ्रेमला ब्रेक ज्या भोकात अडकवतात, तिथपासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत सरळ खाली मोजा. हा तुमचा दुसरा आकडा. आजच्या रेसिंग सायकलचे ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. लांब पोहोचीचे ४७ ते ५७. त्याहून लांब हवे असतील तर टेक्ट्रो कंपनीचा आर५५९ हा ब्रेक ५५ ते ७३ मिलिमीटरचा आहे.

समजा जुन्या चाकावर हे अंतर ५० येत होतं. ७०० सी चाक घातल्यावर ते ५४ होईल. म्हणजे ४७-५७ चा ब्रेक बरोबर बसेल आणि महागडा रेसिंग ब्रेक पोहोचणारच नाही. आकडा माहीत नसेल तर दुकानदारही हे नुसतं बघून सांगू शकत नाही.

आणखी दोन गोष्टी. जुन्या फ्रेमला ब्रेकचा बोल्ट आरपार जाऊन मागे साधा नट लागतो. नव्या ब्रेकचा बोल्ट आखूड असतो आणि नट भोकाच्या आत बसतो. म्हणून ‘नटवाला ब्रेक’ असं स्पष्ट सांगून मागा. आणि लिव्हर ब्रेकला जुळणारेच घ्या. व्ही-ब्रेकचा लिव्हर तार जास्त ओढतो, तो साध्या कॅलिपर ब्रेकला लावला तर ब्रेक कडक लागतो आणि जोर कमी मिळतो. उलट केलं तर लिव्हर हँडलला टेकतो, सायकल थांबत नाही.

काळ्या सायकलचे रॉड ब्रेक हा वेगळा विषय. त्यांचं रबर रिमच्या आतल्या बाजूवर दाबतं, त्यासाठी रिमचा आकारच वेगळा असतो. तिथे रिम बदलायची तर ब्रेकची पूर्ण व्यवस्था बदलावी लागते.

तिसरा आकडा : मागच्या चिमट्याची रुंदी

मागचं चाक काढा. ॲक्सल ज्या दोन पट्ट्यांमध्ये अडकतो, त्यांच्यामधलं आतलं अंतर मोजा.

- १२० मिलिमीटर : ५ स्पीडचा जमाना.
- १२६ मिलिमीटर : ६ आणि ७ स्पीड.
- १३० मिलिमीटर : ८ ते ११ स्पीडची रोड सायकल.
- १३५ मिलिमीटर : माउंटन बाइक आणि बऱ्याच डिस्क ब्रेकच्या सायकली.

१२६ ची स्टील फ्रेम असेल आणि १३० चं चाक घालायचं असेल, तर प्रत्येक बाजूला फक्त २ मिलिमीटर वाढवायचे आहेत. स्टील तेवढं सहन करतं. फ्रेमचं काम जाणणारा कारागीर ती कायमची रुंद करून देतो, पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत आणि चाक मधोमध येतंय हे त्याने तपासायलाच हवं. ॲल्युमिनियम किंवा कार्बन फ्रेमवर हा प्रयोग अजिबात नको, ती तडकते. १२० वरून थेट १३० म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर. तिथे मोह आवरलेला बरा.

चौथा आकडा : पायडलचा ॲक्सल

फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, तिच्यात पायडलचा ॲक्सल आणि छर्रे बसतात. ब्रिटिश मापात तिची रुंदी ६८ मिलिमीटर असते आणि आटे इंचाला २४. हे माप आजही चालू असल्यामुळे नवं सीलबंद बेअरिंग मिळतं आणि दर पावसाळ्यानंतर छर्रे बदलायची कटकट संपते. ७० मिलिमीटर रुंदी आली तर फ्रेम इटालियन मापाची असू शकते. इंग्लंडच्या जुन्या रॅले फ्रेममध्ये इंचाला २६ आटे असतात, त्यात २४ चं बेअरिंग जबरदस्तीने फिरवलं तर फ्रेमच खराब होते. म्हणून आटे मोजल्याशिवाय पार्ट घेऊ नका.

ब्रिटिश मापात उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसताना जोर लावून अनेक कप कायमचे जाम झाले आहेत.

जुना क्रँक कॉटर पिनवर असेल, तर तो काढून चौकोनी टोकाच्या ॲक्सलचा क्रँक बसवता येतो. हा बदल छोटा वाटतो, पण पायडल मारताना येणारी ‘कटकट’ यानेच जाते.

मग गियर किती घ्यायचे?

रील बघून सगळ्यांना ११ किंवा १२ स्पीड हवे असतात. पण प्रश्न असा आहे की सायकल जाणार कुठे?

दादर, परळ, लालबाग, भायखळा, गिरगाव हा सगळा पट्टा सपाट आहे. चढ म्हणजे पूल. खरा चढ लागतो तो बाबुलनाथवरून मलबार हिलला किंवा केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोडला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण गिरगावातून दादरला कामावर जाणाऱ्याला घाटाचे गियर नकोत, मलबार हिलपुरता एक हलका गियर बास झाला.

त्यासाठी सगळा सेट बदलावा लागत नाही. पुढे ४२ दात आणि मागे सगळ्यात मोठी चकती २४ दातांची असेल, तर गुणोत्तर १.७५ येतं. मागे २८ दातांची चकती आली की ते १.५ होतं. म्हणजे पायावरचा जोर साधारण १४ टक्के कमी. शिमानोचं १४ ते २८ दातांचं ७ स्पीड फ्रीव्हील जुन्या आट्यांच्या हबवर आणि १२६ च्या फ्रेममध्ये सहसा बसतं. फक्त जुना डिरेलर २८ दातांपर्यंत काम करतो का आणि चेनची लांबी पुरते का, एवढं बघा. जुना, न टकटकणारा लिव्हर असेल तर तोही चालतो, कारण तो कुठल्याही अंतरावर थांबवता येतो.

टकटकणारे गियर हवेच असतील तर ८ स्पीड हा शहाणपणाचा मुक्काम आहे. चेन जाड, स्वस्त आणि टिकाऊ. शिमानोच्या रोड सायकलचे ८, ९ आणि बरेचसे १० स्पीडचे मागचे डिरेलर तार ओढण्याच्या एकाच हिशोबावर चालतात, त्यामुळे ते आपापसात बदलता येतात. अपवाद दोन, जुना ८ स्पीड ड्युरा-एस आणि टियाग्राची ४७०० मालिका. ११ स्पीडचा हिशोब पूर्ण वेगळा.

मात्र लिव्हर आणि मागच्या चकत्या एकाच स्पीडच्या हव्यात. ८ स्पीडमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर असतं, १० स्पीडमध्ये ३.९५. फरक मिलिमीटरपेक्षा कमी, पण तेवढ्यानेच चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडकून किरकिरत राहते.

एक टीप लक्षात ठेवा. जुनं चाक मोडीत काढण्याआधी फ्रीव्हील उघडून घ्या. आरे कापल्यावर पकडायला काही उरत नाही आणि ते निघत नाही.

डिस्क ब्रेक बसवता येतील का?

सरळ उत्तर, नको. डिस्क ब्रेकचा सगळा ताण पुढच्या चिमट्याच्या आणि मागच्या नळीच्या एका बाजूवर येतो. जुनी फ्रेम त्यासाठी बनवलेलीच नाही. क्लॅम्पने अडकवायचे जुगाडी ब्रॅकेट मिळतात, पण पुढचा चिमटा वाकला किंवा तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. ॲल्युमिनियम रिम, चांगलं रबर आणि नव्या तारा एवढ्यावर जुनी सायकल पावसातही व्यवस्थित थांबते.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करायचे?

१. आधी ओव्हरहॉलिंग. सगळे छर्रे, ग्रीस, ब्रेक-गियरच्या तारा आणि त्यांच्या नळ्या. बऱ्याच सायकली एवढ्यानेच निम्म्या नव्या होतात.

२. मग टायर, ट्यूब आणि ब्रेकचं रबर. फ्रेममध्ये मावत असेल तर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्या. पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळ्यांवर फरक लगेच कळतो.

३. मग ॲल्युमिनियम रिमची चाकं आणि त्यांना पोहोचणारे ब्रेक.

४. मग चेन आणि फ्रीव्हील, दोन्ही एकत्र. चेनच्या १२ पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पट्टी लावल्यावर त्या १/१६ इंचाने लांबल्या असतील तर चेन बदला. १/८ इंच लांबली असेल तर चकत्याही झिजल्यात असं धरा. झिजलेल्या चकत्यांवर नवी चेन घसरते.

५. शेवटी हँडल आणि सीट. जुन्या हँडलचा दांडा फ्रेमच्या नळीत आत जातो, तो बहुधा २२.२ मिलिमीटरचा असतो. त्यात ॲडॅप्टर घालून नवा स्टेम लावता येतो. फक्त दांड्यावरची ‘इथपर्यंत आत हवा’ ही खूण बाहेर दिसता कामा नये.

पार्ट घ्यायला काळबादेवीच्या सायकल बाजारात जाताना मोबाईलमध्ये चारही आकडे आणि जुन्या पार्टचे फोटो ठेवा. शक्य असेल तर जुना पार्टच पिशवीत घेऊन जा. चोर बाजारात जुना पार्ट घेत असाल तर व्हर्नियर सोबत न्या, आणि क्रँक, हँडल, स्टेम यांवर बारीक भेगा नाहीत ना, हे उजेडात बघा.

आणि थांबायचं कुठे? पार्ट आणि मजुरी मिळून आकडा नव्या साध्या गियर सायकलच्या किमतीजवळ जायला लागला, की कागदावर बेरीज करा. चौथ्या टप्प्यापर्यंतचा खर्च सहसा वसूल होतो, कारण तो पैसा थांबण्यावर आणि चालण्यावर जातो. त्यापुढचा खर्च हौसेचा. हौसेला मोल नाही हे खरं, पण ती ब्रेकच्या आधी नको.